नाताळची घरगुती तयारी (महाराष्ट्र व गोवा)

नाताळची घरगुती तयारी म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण २५ डिसेंबर रोजी साजरा करण्यापूर्वी ख्रिस्ती कुटुंबांत साधारणतः महिनाभर चालणारी कामे, रीती व संकेत यांचा समुच्चय होय. घराची साफसफाई व रंगरंगोटी, कागदी तारा टांगणे, गव्हाणीचा देखावा उभारणे, फराळ करणे, नातलग व शेजाऱ्यांना ताटे पाठवणे आणि पूर्वसंध्येची उपासना ही या तयारीची मुख्य अंगे आहेत. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र व गोवा येथील परंपरांचा परिचय दिला आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर महाराष्ट्राच्या लोकसंख्येत सुमारे १ टक्का आहे. सण एकच असला तरी गोव्यातील कॅथलिक, वसई व मुंबई परिसरातील कॅथलिक आणि दख्खनमधील मराठी प्रॉटेस्टंट यांच्या घरांत तो तीन निराळ्या वळणांनी साजरा होतो. या भिन्नतेची कारणे त्या त्या समाजाच्या इतिहासात आणि भोवतालच्या पिकापाण्यात आढळतात.

नाव

‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’ या शब्दावरून मराठीत आला. त्याचे मूळ जन्माशी संबंधित असा अर्थ असणाऱ्या लॅटिन शब्दात आहे. कोकणीत ‘नाताळां’ असे रूप प्रचलित असून ‘खुशालभरीत नाताळां’ अशा शब्दांत शुभेच्छा दिल्या जातात. मराठी प्रॉटेस्टंट समाजातही ‘नाताळ’ हाच शब्द रूढ आहे. लेखनात ‘ख्रिस्तजयंती’ किंवा ‘ख्रिस्तजन्मोत्सव’ अशी रूपेही आढळतात. शहरी बोलीत अलीकडे ‘ख्रिसमस’ या इंग्रजी शब्दाचा वापर वाढला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले, तर वसई १५३४ च्या तहाने त्यांच्याकडे आली. या दोन्ही प्रदेशांत सोळाव्या शतकात कॅथलिक पंथाचा प्रसार झाला. लोकभाषेतून ख्रिस्तकथा सांगण्याचा मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांनी केला. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूच्या जन्माची कथा येते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली. राजवट बदलली, तरी तेथील ख्रिस्ती वस्ती व तिचे सण टिकून राहिले. पोर्तुगीजांशी शासकीय संबंध सुटल्यामुळे वसईकरांच्या नाताळाला मराठी मातीचे वळण अधिक लाभले. गोव्यात मात्र पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत राहिल्याने पदार्थांची नावे व पाककृती यांवर तिचा ठसा ठळक आहे.

मुंबई, साष्टी व वसई परिसरातील मूळ रहिवासी कॅथलिकांपैकी अनेकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. वसई तालुक्यात सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी आदी ख्रिस्ती समाज असून त्यांच्या बोली आणि स्वयंपाकाच्या पद्धती परस्परांहून काहीशा भिन्न आहेत.

दख्खनमधील प्रॉटेस्टंट समाजाचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्याचे केंद्र स्थापन झाले. येथील ख्रिस्ती कुटुंबांनी जुन्या धर्मातील अनेक आचार सोडले, तरी स्वयंपाकघर, वाद्ये आणि पाहुणचाराची रीत कायम ठेवली. त्यामुळे त्यांच्या नाताळाचे बाह्य रूप पुष्कळसे दिवाळीसारखे दिसते.

आगमनकाळ आणि कामांचा क्रम

नाताळपूर्वीच्या चार रविवारांच्या कालखंडास आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. धार्मिक दृष्टीने हा काळ प्रतीक्षेचा आणि आत्मपरीक्षणाचा मानला जातो. चर्चमध्ये, आणि काही घरांतही, हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एकेक अधिक पेटवली जाते. ही पद्धत जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १८३९ मध्ये योहान हिन्रिख व्हिखर्न यांनी अनाथ मुलांसाठी सुरू केली, असे मानले जाते. परंपरेने आगमनकाळात विवाह टाळले जात. त्यामुळे कॅथलिक कुटुंबांत नाताळ उलटताच लग्नसराई सुरू होते. ज्या घरात जानेवारीत लग्न असते, तेथे दोन्ही तयाऱ्या एकत्रच चालतात.

घरकामाचा क्रम मात्र पदार्थांच्या टिकाऊपणावरून ठरतो. काही गोष्टींचा आरंभ तर उन्हाळ्यातच होतो. ईस्ट इंडियन घरांतील प्रसिद्ध ‘बाटली मसाला’ एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वी केला जातो. मिरच्या व अनेक मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. मसाला वर्षभर पुरवायचा असतो आणि नाताळच्या जेवणासाठी त्याचा वाटा राखून ठेवलेला असतो. केकसाठी मनुका, बेदाणे व साखरेत मुरवलेली फळे रममध्ये भिजत घालणे आणि मनुका किंवा आल्याचे घरगुती वाइन लावणे ही कामे नोव्हेंबरमध्ये किंवा त्याहीपूर्वी उरकली जातात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साफसफाई, खरेदी व कपडे. दुसऱ्या पंधरवड्यात फराळ. आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत गोठा व मांसाहारी पदार्थ, असा सर्वसाधारण क्रम असतो.

घराची स्वच्छता व सजावट

ग्रामीण भागात घराला चुना किंवा रंग देण्याची वेळ नाताळच्या आधीची असते. पावसाळ्यातील ओल या सुमारास पूर्ण वाळलेली असते, हे त्याचे व्यावहारिक कारण. पितळी भांडी चिंचेने घासणे, पडदे व अभ्रे धुणे, देव्हाऱ्याची किंवा वेदीची झाडलोट करणे ही कामे घरातील सर्वांना वाटून दिली जातात. दख्खनमधील मराठी ख्रिस्ती घरांपुढे सडा-रांगोळी घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. रांगोळीत तारा, मेणबत्ती, क्रूस अशी चिन्हे रेखाटली जातात.

तारा

बायबलमधील कथेनुसार पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना बाळ येशूकडे नेणाऱ्या ताऱ्याचे प्रतीक म्हणून घराबाहेर कागदी तारा टांगला जातो. गोव्यात त्यास ‘नखेत्र’ म्हणतात. बांबूच्या कामट्या सुतळीने बांधून पाच टोकांचा सांगाडा करणे, त्यावर पतंगी कागद चिकटवणे आणि आत दिवा सोडणे हे काम परंपरेने घरातील मुलांचे. त्याची रचना दिवाळीच्या आकाशकंदिलाशी जवळचे नाते सांगते.

गोठा

येशूचा जन्म गोठ्यात झाला या श्रद्धेवरून त्या प्रसंगाचा देखावा उभारला जातो. संत फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी असा देखावा सादर केल्यानंतर ही प्रथा सर्वत्र पसरली. महाराष्ट्र-गोव्यातील घरगुती गोठ्याला पेंढा, माती, झावळ्या, दगड व शेवाळ लागते. नाताळच्या सुमारे आठ-दहा दिवस आधी मुले ताटल्यांत किंवा करवंट्यांत माती घेऊन गहू अथवा नाचणी पेरतात. सणापर्यंत त्याचे कोवळे अंकुर वितभर वाढतात आणि गोठ्याभोवतीचे कुरण तयार होते. उशिरा पेरले तर कुरण खुरटे राहते आणि फार आधी पेरले तर ते पिवळे पडून आडवे होते. म्हणून पेरणीचा दिवस घरातील वडीलधारी माणसे ठरवून देतात.

योसेफ, मरिया, मेंढपाळ, गाई व मेंढरे यांच्या मूर्ती आधी मांडल्या जातात. गव्हाण मात्र रिकामी ठेवली जाते. पूर्वसंध्येच्या उपासनेनंतर किंवा मध्यरात्री बाळ येशूची मूर्ती तीत ठेवतात. हा मान बहुधा घरातील सर्वांत लहान मुलाला मिळतो. तीन राजांच्या मूर्ती काही घरांत दूर ठेवून रोज थोड्या पुढे सरकवल्या जातात व ६ जानेवारीस त्या गव्हाणीपाशी पोहोचतात.

वसई परिसरात घरगुती गोठ्यांबरोबर वाड्यावाड्यांतील तरुण मंडळेही मोठे देखावे उभारतात. त्यांत पाणीटंचाई, हिरवाईचा ऱ्हास, व्यसनमुक्ती असे सामाजिक विषय गोठ्याच्या कथेशी जोडले जातात आणि त्यांच्या स्पर्धाही भरतात.

झाड

नाताळचे सजवलेले झाड ही मूळची जर्मन प्रथा असून ती भारतात प्रामुख्याने ब्रिटिश अमदानीत आली. सूचिपर्णी वृक्ष सहज मिळत नसल्याने किनारपट्टीवर सुरूची फांदी कुंडीत किंवा डब्यात रोवून सजवली जात असे. आता कृत्रिम झाडे सर्वत्र मिळतात. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट सजावटीच्या खरेदीसाठी प्रसिद्ध आहे.

फराळ

नाताळच्या घरगुती पदार्थांच्या समूहास गोव्यात ‘कुस्वार’ म्हणतात. मंगळूरच्या कॅथलिकांतही हा शब्द रूढ आहे. मराठी भाषक घरांत ‘फराळ’ हाच शब्द वापरला जातो.

गोवा

गोव्याच्या फराळाचा पाया नारळ, तांदूळ आणि माडाचा गूळ हा आहे. प्रमुख पदार्थ पुढीलप्रमाणे :

• दोदोल – तांदळाचे पीठ, नारळाचे दूध व माडाचा काळा गूळ यांचे मिश्रण मंद आचेवर कित्येक तास सतत ढवळून करतात. तेल सुटून मिश्रण कडा सोडू लागले की ते थापून त्याच्या वड्या पाडतात. ढवळणे थांबले तर खाली लागते, म्हणून दोन-तीन माणसे पाळीपाळीने उलथने धरतात.
• बेबिंका – नारळाचे दूध, अंड्यांचा बलक, साखर, मैदा, तूप व जायफळ यांचा थरांचा गोड पदार्थ. एक थर भाजल्यावरच दुसरा ओतायचा असतो. जुन्या पद्धतीत भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरून आच देतात. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकास भौगोलिक मानांकन मिळाले.
• दोस – चण्याची डाळ, खोबरे व साखर यांच्या वड्या.
• पेराद – पेरूचा गर साखरेत आटवून केलेल्या वड्या. मुंबईत यास ‘पेरूचे चीज’ म्हणतात.
• बाथ – रवा व खोबऱ्याचा भाजलेला केक.
• पिनाग – भाजलेला उकडा तांदूळ, गूळ व खोबरे यांचे लांबट मुटके.
• नेवऱ्या – खोबरे, रवा, तीळ किंवा खसखस व वेलची यांचे सारण भरलेल्या करंज्या. गोव्यातील हिंदू घरांत हाच पदार्थ चतुर्थीला असतो.

वसई व मुंबई

कुलकुल हा या भागातील सर्वाधिक ओळखीचा पदार्थ आहे. मैदा, रवा, अंडे व नारळाचे दूध यांची कणीक मळून तिच्या लहान गोळ्या करतात. प्रत्येक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा या कामासाठीच राखलेल्या नव्या फणीवर दाबून गुंडाळली की शंखासारखा रेषा उमटलेला आकार तयार होतो. तळल्यानंतर त्यावर साखरेचा पाक चढवतात. गोव्यात त्याच्या आकारावरून त्यास ‘किडयो’ असेही म्हणतात. काम सोपे पण वेळखाऊ असल्याने सारे घर टेबलाभोवती किंवा चटईवर बसते; पाच-सहा वर्षांच्या मुलांचाही हात लागतो. पुष्कळ कुटुंबांत कुलकुल वळण्याची रात्र हीच नाताळची खरी सुरुवात मानली जाते.

याखेरीज नेवऱ्या, खजुराच्या गुंडाळ्या, रवा-बदाम-खोबऱ्याचे ‘थाळी स्वीट’, दूध आटवून साच्यांत पाडलेले ‘मिल्क क्रीम’ आणि बदाम किंवा काजूच्या पिठाचे मार्झिपान हे पदार्थ केले जातात. घरोघरी भट्टी नसल्याने केक व थाळी स्वीट यांचे भरलेले डबे ओळखीच्या बेकरीत भाजायला नेण्याची रीत होती. डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावीत. ज्यांना हे शक्य नसे ते पातेल्यात वाळू घालून आणि झाकणावर निखारे ठेवून घरीच भट्टी करीत.

जेवणात सोरपोतेल, इंदेल, कोंबडीचा रस्सा आणि त्यांसोबत फुगे असतात. मैदा, अंडी व नारळाच्या दुधाचे सैलसर पीठ आंबवून, मुठीतून अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबून त्याचे गोळे तेलात सोडले की ते फुगून वर येतात. त्यावरून त्यांस हे नाव मिळाले. पीठ आंबवण्यासाठी पूर्वी ताडी वापरीत, आता यीस्ट वापरतात. गोव्यात फुग्यांच्या जागी सान्नां असतात. सोरपोतेल हा डुकराचे मांस व काळीज यांचा सिरक्यातील पदार्थ दोन-तीन दिवस मुरल्यावर अधिक रुचकर लागतो. म्हणून तो सणाआधीच शिजवून रोज एकदा उकळून ठेवतात.

दख्खन

अहिल्यानगर, सोलापूर, जालना, पुणे, मिरज, कोल्हापूर आदी भागांतील मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, रव्या-बेसनाचे लाडू, शंकरपाळे, चकल्या, शेव, चिवडा आणि अनारसे हा दिवाळीचाच फराळ नाताळला केला जातो. केक बहुधा विकत आणला जातो. चकलीची भाजणी दळण्यासाठी गिरणीत दिवाळीनंतर पुन्हा एकदा गर्दी होते. अनेक ठिकाणी शेजारणी एकमेकींकडे पाळीपाळीने जाऊन करंज्या लाटतात व भरतात. हिंदू शेजारणी नाताळला आणि ख्रिस्ती शेजारणी दिवाळीला मदतीस जातात.

कामाची विभागणी

या साऱ्या खटाटोपाचा मुख्य भार परंपरेने स्त्रियांवर राहिला आहे. नारळ खोवणे, वाटणे, ढवळणे, तळणे ही कामे दिवसभराची शेती, मासळीविक्री, भाजीविक्री किंवा नोकरी सांभाळून रात्री केली जात. पाककृती क्वचितच लिहिलेल्या असत. प्रमाण ‘ओंजळभर’, ‘दिसेल तेवढे’, ‘हाताला लागेल इतके’ अशा शब्दांत आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे जाई. त्यामुळे घरातील जाणती स्त्री अचानक निवर्तली, तर तिच्याबरोबर एखाद्या पदार्थाची खास चवही लोप पावे. गेल्या काही दशकांत कुटुंबांनी व महिला मंडळांनी अशा कृती लिहून ठेवण्याकडे लक्ष दिले आहे. पुरुषांकडे परंपरेने नारळ सोलणे, लाकूडफाटा, मांस आणणे व कापणे, रंगकाम आणि दिव्यांची जोडणी ही कामे असतात.

गाणी

डिसेंबरच्या मध्यापासून चर्चमधील गायकांचे गट घरोघरी जाऊन ख्रिस्तजन्माची गाणी म्हणतात. गट येण्याची वेळ रात्रीची, कित्येकदा उशिराची असते; घरचे लोक जागे राहून त्यांना चहा व फराळ देतात आणि वर्गणी घालतात. जमलेली रक्कम बहुधा गरजू कुटुंबांसाठी किंवा चर्चच्या कार्यासाठी वापरली जाते.

मराठी प्रॉटेस्टंट समाजात ही गाणी ढोलकी, टाळ, पेटी यांच्या साथीने भजनाच्या ढंगात गायिली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा निर्माण झाली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग व पदे रचून मराठी ख्रिस्ती उपासनेला देशी रूप दिले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. लक्ष्मीबाई टिळक यांनी ते पुढे नेले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील नाताळची पदे आजही घराघरांत म्हटली जातात. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेतून उपासना होऊ लागली व मराठी-कोकणी नाताळगीतांना बहर आला.

पूर्वसंध्या

२४ डिसेंबर हा तयारीचा शेवटचा दिवस. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिकांमध्ये हा दिवस उपवासाचा व मांस वर्ज्य करण्याचा होता. घरभर तळणीचा दरवळ असे आणि तरीही पदार्थ चाखायचा नसे. मुलांना उष्टे करण्याची मनाई असे. तो सक्तीचा नियम पुढे शिथिल झाला, परंतु काही घरांत साधे जेवण करण्याची सवय टिकून आहे.

रात्री मध्यरात्रीची मिस्सा असते. पोर्तुगीज भाषेत तिला ‘कोंबड्याची मिस्सा’ असे नाव आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार रात्री १० नंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध आहेत. राज्य शासन वर्षातील मर्यादित दिवशी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. चर्चच्या आवारात मांडव घालून मिस्सा होत असलेल्या अनेक ठिकाणी त्यामुळे ती रात्री लवकर सुरू केली जाते. प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पूर्वसंध्येस गीतांचा किंवा मुलांच्या नाटिकांचा कार्यक्रम आणि २५ तारखेस सकाळी मुख्य उपासना असा प्रघात आहे. उपासनेनंतर नवे कपडे घातलेली कुटुंबे परस्परांना भेटतात, घरी येऊन केक कापतात व वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात.

ताटांची देवाणघेवाण

गोव्यात फराळाच्या ताटास ‘कोंसुआद’ म्हणतात. ‘कोंसुआदा’ हा मूळ पोर्तुगीज शब्द पूर्वसंध्येच्या भोजनासाठी वापरला जातो. गोव्यात त्याचा अर्थ बदलून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायच्या गोडधोडासाठी रूढ झाला. ताटावर विणलेला किंवा भरतकाम केलेला रुमाल झाकून मुले ते घरोघरी पोहोचवतात. रिकामे ताट परत करू नये हा संकेत सर्वत्र पाळला जातो. शेजारी हिंदू असल्यास चतुर्थी किंवा दिवाळीस आलेल्या फराळाची ही परतफेड असते. मुसलमान व शाकाहारी शेजाऱ्यांसाठी पदार्थ निराळे काढून ठेवण्याची काळजी घेतली जाते. काही घरांत त्यासाठी अंडे न घालता वेगळे घाणे तळले जातात.

ताटात पदार्थांची संख्या व त्यांचा क्रम यांस सामाजिक अर्थ असे. सासरी गेलेल्या मुलीच्या पहिल्या नाताळचे ताट मोठे असे. अबोला धरलेल्या घरी ताट पाठवणे हा समेटाचा आरंभ समजला जाई, आणि ते फराळ घालून परत आले म्हणजे समेट झाला असे मानीत.

शोकाचे घर

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल, तेथे साधारणतः फराळ करीत नाहीत. तारा व रोषणाई टाळतात किंवा अगदी साधी ठेवतात. उपासनेस मात्र जातात. अशा घरी शेजारी व नातलग आपल्याकडील फराळ आवर्जून नेऊन देतात. मराठी हिंदू समाजात दुःखाच्या वर्षी दिवाळीचा फराळ न करण्याची आणि आप्तांनी तो पोहोचवण्याची जी रीत आहे, तिच्याशी या प्रथेचे साम्य स्पष्ट आहे. शोकाच्या घरातील मुलांना कुलकुल वळण्यासाठी शेजारच्या घरी बोलावले जाते. सणाचा आनंद आवरता घ्यावा, पण कोणाचे घर सणातून वगळले जाऊ नये, हा या संकेतामागील विचार होय.

नाताळनंतर

तयारीचा शेवट २५ डिसेंबरला होत नाही. मुंबई व गोव्यात मुले जुने कपडे, पेंढा व कागद यांपासून सरत्या वर्षाचा ‘म्हातारा’ करतात आणि वर्गणी गोळा करून ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तो जाळतात. ६ जानेवारी हा तीन राजांचा सण. गोव्यातील रेइश मागुश, चांदोर आणि कासावली-कुयेली येथे तो विशेष थाटाने साजरा होतो. त्यानंतर गोठा उतरवला जातो. मूर्ती कापसात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवतात. एखाद्या मेंढराचा पाय मोडलेला किंवा राजाचा रंग उडालेला असला तरी जुन्या मूर्ती सहसा टाकून देत नाहीत; अनेक घरांत आजी-आजोबांच्या काळातील मूर्ती आजही मांडल्या जातात.

बदलते स्वरूप

एकत्र कुटुंबे विभागली गेली, शहरातील घरे लहान झाली आणि स्त्रिया मोठ्या प्रमाणावर नोकरी करू लागल्या. याचा परिणाम घरगुती तयारीवर झाला आहे. बेबिंका, दोदोल, कुलकुल हे पदार्थ आता बेकऱ्यांत व दुकानांत तयार मिळतात. गृहोद्योग करणाऱ्या स्त्रिया व बचतगट डिसेंबरमध्ये मागणीनुसार फराळ करून देतात. अनेक कुटुंबांना त्यातून उत्पन्न मिळते. पूर्वी विनामोबदला केले जाणारे तेच कौशल्य आता काही प्रमाणात अर्थार्जनाचे साधन झाले आहे. दुसऱ्या बाजूस, माडावर चढणाऱ्या कामगारांची संख्या घटल्याने ताडी-माडी आणि माडाचा गूळ हे मूळ जिन्नस दुर्मीळ होत आहेत व त्यांच्या जागी यीस्ट आणि उसाचा गूळ वापरला जातो.

गोव्यातून व वसईतून आखाती देश, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे गेलेली, तसेच जहाजावर नोकरी करणारी माणसे डिसेंबरमध्ये घरी परतण्याचा प्रयत्न करतात. वर्षभर बंद असलेली घरे या काळात उघडली जातात. ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी टिकाऊ फराळाचे डबे पाठवले जातात. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल हे प्रवासात टिकणारे पदार्थ त्यासाठी निवडतात. काही गावांत आता केवळ वृद्धच उरले असल्याने गोठा बांधणे व तारा टांगणे ही कामे शेजारची मुले किंवा चर्चमधील तरुण मंडळे करून देतात.

सजावटीतही बदल झाले आहेत. तयार प्लास्टिकचे तारे व विजेच्या माळा यांमुळे घरी तारा करण्याची कला मागे पडली होती. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आल्यानंतर बांबू, कागद, नारळाच्या झावळ्या व पेंढा यांकडे पुन्हा लक्ष गेले. शाळा व चर्चमधून तारा आणि गोठा बनवण्याच्या स्पर्धा भरवल्या जातात.

हे सुद्धा पाहा

• नाताळ
• आगमनकाळ
• ख्रिस्तपुराण
• ईस्ट इंडियन समाज
• सामवेदी ख्रिस्ती समाज
• नारायण वामन टिळक
• बेबिंका